स्लॅबखालच्या बल्ल्या

पांढऱ्या मातीचं घमेलं डोक्यावर घेऊन एक बाई शिडी चढत होती. भुजंगनं ते पाहिलं आणि हातातली सायकल स्टँडला न लावताच सोडून दिली. सायकल आडवी झाली, हँडलला अडकवलेला जेवणाचा डबा उघडून वरण रस्त्यावर सांडलं, आणि तो ओरडला. काय ओरडला ते नंतर त्याला नीटसं आठवलं नाही. बाई मधल्या पायरीवर थबकली. वर स्लॅबवर आणखी दोघी वाकून माती थापत होत्या. परवाच ओतलेला स्लॅब, अजून काळपट ओला, आणि त्याच्यावर पांढरी माती. विटांच्या थप्पीमागून सलीम गुत्तेदार चहाचा कप घेऊन पुढं आला. या घराच्या बांधकामाचा गुत्ता त्याच्याकडं होता. तिशी ओलांडलेला, शर्ट नेहमी इस्त्रीचा, बोलणं मऊ. "काय झालं साहेब?" म्हणत त्यानं भुजंगच्या दंडाला हात लावला. भुजंगनं तो हात असा झिडकारला, की चहा सगळा त्या इस्त्रीच्या शर्टावर. "उतरवा! सगळी माती खाली उतरवा! आन् तुमीबी चालते व्हा. उद्यापासून माझ्या कामावर पाय ठेवायचा न्हाई." हे सगळं चारचौघांत. मिस्त्री, बिगारी बाया, समोरच्या मेसच्या दारात ताटं घेऊन उभी असलेली क्लासची पोरं, सगळे बघत होते. सलीमनं शर्टाकडं पाहिलं, मग भुजंगकडं. "मी काय केलो साहेब? चुकलं काय ते तरी सांगा."  "काम बरोबर न्हाई तुमचं," भुजंग म्हणाला. "स्लॅब कच्चा हाय." शुद्धीवर आल्यावर बोललेलं हे त्याचं पहिलं वाक्य, आणि ते खोटं होतं. पुढचे तीन आठवडे तो त्याच वाक्याला धरून बसला.

माती कशासाठी होती हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. घर बांधायला काढलेला माणूस दोन महिन्यांत अर्धा इंजिनियर होतो, आणि भुजंग तर पाटबंधारे खात्यातला कारकून, अर्धं आयुष्य सिमेंटच्याच फायली हलवलेला. ओतलेल्या स्लॅबवर मातीचे वीतभर बांध घालून चौकोनी आळी करतात, त्यांत पाणी तुंबवून ठेवतात, म्हणजे स्लॅब पक्का होतो. तोच सलीमला म्हणाला होता, उन्हाळा हाय, पाण्याला हात आखडू नका. सलीमनं बिचाऱ्यानं दोन गल्ल्या पलीकडं एक जुनं मातीच्या छताचं माळवद पाडत होते तिथली चिकट माती फुकटात उचलून आणली होती. हे सगळं भुजंगला गल्लीच्या वळणावरच उमगलं. तो थांबला सुद्धा. माघारी जाऊन चार शब्द बोलला असता तर प्रकरण तिथंच मिटलं असतं; रागावलेल्या मालकानं तासाभरानं चहा पाजणं ही काही बांधकामावर नवलाची गोष्ट नाही. पण मग ओरडलो का ते सांगावं लागलं असतं. आणि ते त्यानं आठ वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला, सगुणाबाईला तर नाहीच. मोडका डबा हँडलला लटकवून तो ऑफिसात गेला आणि दिवसभर एकही फाईल त्यानं उघडली नाही.

तेरणेच्या काठाला त्याचं गाव. दगडमातीच्या भिंती, वर लाकडं, लाकडांवर मातीचं माळवद. दर उन्हाळ्याच्या शेवटी, पाऊस तोंडावर आला की गावातला प्रत्येक माणूस आपापल्या माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायचा. जुना कुणी काढत नसे. आजानं टाकलेल्या मातीवर बापाची, बापाच्या मातीवर लेकाची. घर गळू नये म्हणून टाकायची, एवढंच सगळ्यांना ठाऊक. त्र्याण्णव साली भुजंग नांदेडजवळ विष्णुपुरीला धरणावर नोकरीला होता. आईनं निरोप धाडला, माझ्या अंथरुणावर गळायलंय. तो रजा घेऊन गेला, सगुणा आणि सती बरोबर. सती म्हणजे सत्यशीला, त्यांची एकुलती पोर, तेव्हा दुसरीतून तिसरीत गेलेली. सगुणा खालून घमेली द्यायची, भुजंग वर घ्यायचा, आणि सती दुधाच्या पातेल्यात माती घेऊन मधेमधे लुडबुडायची. माती ओली करून पसरली की ती टाचा आपटत तिच्यावर नाचायची. संध्याकाळी माळवदावर सगळीकडं तिची पावलं उमटलेली होती. पावलांत पाणी साचेल म्हणून भुजंगनं त्यांच्यावर आणखी माती टाकली आणि थापीनं गुळगुळीत केली. त्या वर्षी घर एक थेंब गळलं नाही. आईनं तसं कौतुकानं कळवलं आणि लिहिलं, गणपतीला पोरीला पाठवून द्या. त्यांनी पाठवली. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे विष्णुपुरीच्या सरकारी क्वार्टरात फडताळातली भांडी वाजली. सगुणा उठून बसली. भुजंग म्हणाला, कुठं सुरुंग लावले असतील, झोप. आणि खरंच झोपला. गावात पोचला तेव्हा गाव नव्हतं. आपलं घर त्यानं दारातल्या लिंबावरून ओळखलं. त्यानं हातांनी उकरलं, आणि उकरताना त्याला एकच गोष्ट कळत गेली: दगड कमी होते, माती फार होती. त्याला कुणी बोल लावला नाही. लावणार कोण? गावात ज्याच्या त्याच्या घरावर तीच माती. पुढं भूकंपावर सरकारनं छापलेल्या पत्रकात दोन ओळी आल्या, छपरांवरच्या मातीच्या भारामुळं जीवितहानी वाढली, वगैरे. ते पत्रक टेबलावर आलं तेव्हा भुजंगनं त्यावर आवक क्रमांक टाकला आणि पुढच्या टेबलाला सरकवलं.

त्यानंतर त्यानं लातूरला बदली मागून घेतली आणि नेहमी पत्र्याच्या खोल्या भाड्यानं घेतल्या. लोकांना वाटे, माणूस चिक्कू आहे. उन्हाळ्यात पत्रा असा तापे की घागरीतलं पाणी कोमट व्हायचं, पण भुजंगला त्याच्याखाली झोप लागे. पत्रा पडला तरी माणूस उरतो, हा त्याचा हिशोब, आणि तो त्यानं बोलून कधी दाखवला नाही. इकडं लातूरचं नाव दहावी-बारावीच्या निकालांत गाजायला लागलं. गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या आल्या, भिंतींवर पहिल्या आलेल्या पोरापोरींचे हसरे फोटो आले, आणि जून महिन्यात सगळ्या मराठवाड्यातून बाप माणसं ट्रंका घेऊन खोल्या शोधत फिरायला लागली. घर बांधायचं सगुणाबाईनं काढलं. "पोरींसाठी खोल्या करू," ती म्हणाली. "नुसत्या पोरींसाठी. मी सैपाक करीन." सती असती तर आता अकरावीला गेली असती, हे दोघांपैकी कुणी बोललं नाही. भुजंग म्हणाला, वर पत्रे टाकू. "पत्र्यात पोरी अभ्यास कशा करतील? चक्कर येऊन पडतील की. स्लॅबच टाकायचा." तिच्या आवाजात इतक्या वर्षांनी काहीतरी हवं असल्याचं ऐकू आलं आणि भुजंगला नाही म्हणता आलं नाही. कर्ज काढलं, प्लॉट होताच. मुदखेडचा एक मास्तर आणि धर्माबादचा एक दुकानदार येऊन पाया बघून गेले, आमच्या पोरींसाठी जागा धरून ठेवा म्हणाले. सगुणाबाई त्या दिवसापासून ताटल्या-वाट्या जमवायला लागली.

आणि आता सलीमला हाकलून झालं होतं. पुढच्या रविवारी सलीम पंचाक्षरी अप्पांना घेऊन आला. अप्पा म्हणजे भुजंगच्याच खात्यातून रिटायर झालेले ओव्हरसियर. गावात मालक-गुत्तेदारांचं फाटलं की दोन्ही बाजू त्यांनाच बोलावत, कारण ते टेप लावून माप घेत आणि दोघांनाही सारख्याच शिव्या देत. त्यांनी माप घेतलं, स्लॅबला हातोडीनं ठोकून पाहिलं, आणि म्हणाले, "भुजंगराव, काम सोळा आणे हाय. स्लॅबपर्यंतच्या टप्प्याचे पैसे ह्याला देऊन टाका आन् मोकळे व्हा. दुसरा माणूस बघायचा तर बघा." सलीम म्हणाला, "साहेब, बाकीचं जाऊ द्या, प्लेटा-बल्ल्यांचं भाडं रोजचं चढून राहिलं. सेंटरिंगवाल्याकडून आणलोय मी. तीन आठवडे झाले की काढून नेऊ द्या." स्लॅबखाली त्याच्या लोखंडी प्लेटा होत्या आणि प्लेटांना खालून तोलून धरणाऱ्या लाकडी बल्ल्या, सगळं घर भरून. भुजंग म्हणाला, "आधी हिशोब. वाळूत माती होती. सळई कमी बांधली. उचल जास्त गेलीय तुमाला, उलट तुमीच मला देणं लागता. हिशोब मिटल्याबिगर एक बल्ली हलायची न्हाई." अप्पांनी चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं. ह्या माणसाला ते वीस वर्षं ओळखत होते, कधी कुणाच्या पाच पैशांना न लागणारा. "अहो, असं काय करून राहिले?" ते म्हणाले. भुजंगनं मान फिरवली. आपण काय करतोय हे त्यालाही कळत नव्हतं. फक्त तोंडातून एकेक खोटी खोट बाहेर पडत होती आणि प्रत्येक खोटीबरोबर त्याला थोडं हायसं वाटत होतं.

कळलं ते असंच एका संध्याकाळी. ऑफिस सुटल्यावर तो रोज बांधकामापाशी जाऊन रस्त्यावरच उभा राहायचा. आत कधी गेला नाही. स्लॅब ओतल्यापासून तो एकदाही त्याच्याखाली गेला नव्हता. बाहेरून आतल्या बल्ल्या दिसत, दाटीवाटीनं, अंधारात. समोरच्या पानपट्टीवर टीव्ही चालू असायचा. जानेवारीत गुजरातेत भूकंप झाला तेव्हा ह्याच टीव्हीवर पडलेले स्लॅब एकावर एक दाखवत होते आणि भुजंग सुपारी न घेताच निघून गेला होता. त्या संध्याकाळी त्याच्या मनात आलं, सलीमनं पैसे सोडून दिले तर? म्हणाला तुमचंच खरं, तर?  भांडण मिटलं की बल्ल्या जाणार. मग वर एवढं ओझं आणि खाली काहीच नाही. खाली पोरी. मुदखेडची, धर्माबादची, कॉटवर पुस्तक उघडं ठेवून झोपलेल्या. भुजंगनं सायकलच्या सीटला घट्ट धरलं. त्याला पैसे नको होते, हिशोब नको होता, सलीमवर त्याचा काडीचा राग नव्हता. त्याला फक्त ते लाकूड तिथं हवं होतं, कायम, आणि भांडत राहण्याखेरीज ते ठेवून घ्यायचा दुसरा रस्ता त्याला दिसत नव्हता. एका चांगल्या माणसाला आपण बुडवतोय हे त्याला स्वच्छ दिसलं आणि थांबता येत नाही हेही दिसलं. घरी जाऊन तो न जेवता पडून राहिला. सगुणाबाईनं विचारलं, "पानी कोण मारतंय वर?" तो म्हणाला, "बघू." ती म्हणाली, "मी बघते," आणि ताट झाकून ठेवलं.

तीन आठवडे उलटून गेले. सलीम ऑफिसच्या व्हरांड्यात येऊन उभा राहिला, ह्या वेळी एकटाच, आणि शर्टाला इस्त्री नव्हती. "साहेब, सेंटरिंगवाला माझी मोटारसायकल नेला," तो म्हणाला. "त्याचं काय न्हाई, येईल माघारी. पण औसा रोडला एक होस्टेलचं काम हाती आलं होतं, तीन मजली. मालक म्हणाला, तुझा स्लॅब कच्चा असतो म्हणे. मी म्हणलो, कोण म्हणतंय? तर तुमचं नाव घेतला." त्यानं हात जोडले. "मला तुमचे पैसे नक्को. एक रुपया नक्को, हिशोब मिटला, तुमचंच खरं. प्लेटा-बल्ल्या तेवढ्या द्या. आन् चारचौघांत बोललात ना, तसं चारचौघांत एकदा म्हणा, सलीमचा स्लॅब पक्का हाय. आमच्या धंद्यात नाव गेलं की माणूस घरी बसतो साहेब. घरी खाणारी सहा तोंडं हायत." ज्याची भीती होती ते समोर येऊन हात जोडून उभं होतं. भुजंगकडं आता एकही खोट उरली नव्हती. "अजून थोडे दिवस राहू द्या," तो म्हणाला. "भाडं मी देतो. मागचंबी देतो. दुप्पट देतो." सलीम चक्रावला. "पर कशाला? स्लॅब तर कधीचा पक्का झाला. आता बल्लीवर भारच न्हाई काही." भुजंगनं व्हरांड्याच्या कठड्याला हात टेकला. शिपाई पाण्याचा जग घेऊन गेला तोवर तो थांबला आणि मग बोलला. "त्या दिवशी मला माती दिसली, सलीमभाई. घरावर चढताना. आमच्या माळवदावर मीच टाकली होती, भूकंपाच्याच साली. खाली माझी पोर होती." एवढं बोलायला त्याला आठ वर्षं लागली आणि बोलून झाल्यावर काहीच घडलं नाही, आतल्या पंख्याचा आवाज येत राहिला. सलीमनं विचारलं, "कोणतं गाव?" भुजंगनं सांगितलं. "तिथं न्हवतो मी," सलीम म्हणाला. "आमच्या मोहल्ल्यातले पोरं ट्रक भरून मदतीला गेलो होतो, पण पलीकडच्या गावाला." मग तो कठड्याशी भुजंगच्या शेजारी येऊन उभा राहिला. "आधी सांगायचं ना साहेब. माती न्हाई, सिमेंटचे बांध घातलो असतो."

दुसऱ्या दिवशी भुजंगनं सगळे पैसे आणले. टप्प्याचे आणि वर चढलेल्या भाड्याचे. पंचाक्षरी अप्पा होते, मेसची पोरं होती, पानपट्टीवाला होता. भुजंग रस्त्याच्या मधोमध उभा राहून म्हणाला, "मी खोटं बोललो होतो. ह्यांचा स्लॅब पक्का हाय." आवाज बारीक निघाला म्हणून त्यानं पुन्हा म्हटलं. पोरांतला एक हसला, अप्पांनी त्याच्याकडं डोळे वटारले. मग सलीमनं शिडी लावली आणि स्लॅब बघायला वर चढला. वरूनच त्यानं हाक मारली, "अप्पा, हे कोण केलं हो?" भुजंग शिडीच्या तळाशी गेला, पण त्याला चढवेना. अप्पा चढले. ते वरून म्हणाले, "आळी केलीत. लई झ्याक केलीत. सगळा स्लॅब पान्यात हाय." माती तर त्या दिवशीच खाली उतरवून ठेवलेली होती, भिंतीशी तिचा ढीग होता. भुजंगनं तिकडं पाहिलं. तिथं आता नुसती ओली खूण होती. सगुणाबाई रस्त्यापलीकडं नळाची नळी गुंडाळत उभी होती. "पानी थांबत न्हवतं नुसतं मारून," ती म्हणाली. "म्हनून टाकली." ती एकटीच रोज ती माती डोक्यावर घेऊन वर गेली होती, तो ऑफिसात असताना. तिनंही ती घमेली दिली होती त्या साली, एकेक, खालून. हे भुजंगच्या कधी मनातच आलं नव्हतं. इतकी वर्षं तो आपल्या मातीखाली एकटाच आहे असं धरून चालला होता.

बल्ल्या काढायला दुपार गेली. माणसं पाचरी ठोकून सैल करत, बल्ली ओढत, प्लेट दणकन खाली येई, आणि प्रत्येक दणक्याला रस्त्यावर उभ्या भुजंगच्या अंगातून कळ जाई. निम्म्या झाल्यावर तो ओरडला, "एक राहू द्या. मधली." अप्पा म्हणाले, "अहो, तिचा काय उपेग?" "राहू द्या अप्पा," सलीम म्हणाला. त्यानं स्वतः ती बल्ली घेतली, होती तिथंच मुरमावर उभी केली, बुडाशी दगड ठोकले. पैसे भुजंगनं देऊ केले तेव्हा त्यानं घेतले. मोजले नाहीत, पण घेतले. मग टेम्पो भरून सगळे गेले. रिकामं घर मोठं दिसायला लागलं. प्लेटांचे ठसे उमटलेला स्लॅब वर उघडा पडला होता आणि त्याच्याखाली मधोमध ती एकटी बल्ली. भुजंग उंबऱ्याच्या जागी उभा राहिला. पाय उचलत नव्हता. सगुणाबाई त्याच्या अंगावरून सरळ आत गेली, बल्लीला हात लावला आणि हलवून पाहिली. बल्ली हलली. प्लेट गेल्यामुळं ती वरपर्यंत पोचतच नव्हती. तिच्या टोकात आणि स्लॅबमध्ये दोन बोटांची फट होती. ती कशालाच टेकलेली नव्हती. सगुणाबाईनं वर पाहिलं, मग नवऱ्याकडं. ती बाहेर जाऊन शिडी चढली आणि पदरात स्लॅबवरच्या आळ्याची ओली पांढरी माती घेऊन उतरली. आत आली, पाण्याचं रिकामं पिंप पालथं घातलं, त्याच्यावर एक वीट ठेवली आणि वर उभी राहून फटीत माती भरायला लागली. बल्ली डुगडुगत होती, माती ढासळत होती. "अहो, धरा की हिला," ती वरूनच म्हणाली. "मी एकटी कशी करू?" भुजंग आत गेला. त्यानं दोन्ही हातांनी बल्ली धरली, घट्ट, कपाळ तिला टेकवलं. सगुणाबाई अंगठ्यानं माती दाबत राहिली, एकेक बोट, कडेपर्यंत, आणि वरून तिचे ओले कण त्याच्या केसांवर, मानेवर, डोळ्यांच्या पापण्यांवर पडत राहिले. त्यानं डोळे मिटले. हात सोडला नाही.